अ‍ॅम्बॅसिडरची पॅकिंग आणि ऑइल सील बदलायला घेण्याआधी

बाबांची मार्क टू अ‍ॅम्बॅसिडर माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याचा ट्रेही आला. गाडी उभी केली की ट्रे इंजिनाखाली सरकवायचा, ही आमच्या घरातली जुनी रीत. तेल गळतं म्हणून मी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि मागचं ऑइल सील गेलंय असं सांगितलं. गिअरबॉक्स खाली उतरला, बिल झालं, आणि आठवड्याभरात ट्रेमध्ये पुन्हा तितकंच तेल. गळत होतं ते मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) आड दडलेल्या मागच्या साइड प्लेटमधून, म्हणजे इंजिनाच्या कुशीतल्या पत्र्याच्या झाकणातून. आणि त्या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सील नसतंच. तेव्हापासून पॅकिंग (दोन भागांच्या जोडात तेल अडवणारं अस्तर) आणि सील बदलायचं काम काढायचं म्हटलं की पाना हातात घेण्याआधी मी आठ-दहा दिवस नुसती तयारी करतो. ती तयारी इथे क्रमाने सांगतो. हे सगळं १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीकडून आलेल्या, बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज इंजिनाबद्दल. नंतरच्या इसुझू इंजिनवाल्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू पडत नाही.

सगळ्यात आधी इंजिन धुवा. डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन, इंजिन थंड असताना, वरून खालपर्यंत. डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमोला आधी प्लॅस्टिकची पिशवी बांधा. शेवटी साबणाचं पाणी, आणि मग पूर्ण वाळू द्या. डिझेलचा ओलावा असताना इंजिन सुरू करू नका. वाळल्यावर संशय असलेल्या जोडांवर टाल्कम पावडर हलकेच फुंका, दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन पाहा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली वाट स्पष्ट दिसते. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून सुटलेलं तेल ब्लॉकवरून घसरत बेल हाउसिंगपर्यंत, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घरापर्यंत पोचतं आणि मागचं सील गेल्यासारखं दिसतं. माझे हजारो रुपये या एका गैरसमजात गेले, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो.

मागच्या बाजूचं नीट समजून घ्या. या तीन बेअरिंगच्या क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला आटे कोरलेले असतात, स्क्रूसारखे पण उलट्या दिशेने. क्रँक फिरतो तसे ते आटे तेलाला परत आत ढकलतात. क्रँक आणि त्याच्या भोवतालच्या घराच्या मधली फट अगदी थोडी असते, आणि ती तशीच राहावी लागते. मुख्य बेअरिंग झिजलं की क्रँक खाली बसतो, फट एका बाजूला वाढते आणि तेल बाहेर येतं. त्यावर दुकानातून आणलेलं कुठलंही सील हा इलाज नाही. गाडी बराच वेळ उभी राहिल्यावर बेल हाउसिंगच्या तळातून दोन-चार थेंब आले तर ते या रचनेत धरलेलं आहे. धार लागत असेल तर मात्र तो बेअरिंगचा प्रश्न आहे आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागेल. हा निर्णय आधी करा, कारण त्यावर बाकीची सगळी खरेदी अवलंबून आहे.

दुसरी तपासणी इंजिनाच्या श्वासाची. चालू इंजिनावर तेल ओतायचं झाकण काढा आणि हात धरा. हलकी फुंकर चालेल. धूर भपाभप येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि आतला दाब प्रत्येक नव्या पॅकिंगमधून तेल बाहेर काढणारच. अशा वेळी आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. पण त्याआधी ब्रीदर, म्हणजे इंजिनाचा आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळ्या पाहा. पुढच्या साइड प्लेटमधून खाली जाणारी नळी आणि टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारी रबरी नळी, दोन्ही काढून आरपार पाहा. माझ्या गाडीची खालची नळी काळ्या चिकट गाळाने इतकी बुजली होती की सायकलची तार घालून ती मोकळी करावी लागली. रात्रभर केरोसीनमध्ये ठेवली, सकाळी गाळ चमच्याने काढला. नुसतं तेवढं करून गळती निम्म्यावर आली. ज्यांची नळी बंद आहे त्यांनी पॅकिंगवर एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करून पाहावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता सामान. पूर्ण इंजिनाचा पॅकिंग सेट घेतलेला बरा, कारण सुटी पॅकिंग शोधण्यात दिवस जातात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर आणि थेट कोलकात्यात माणूस असेल तर मल्लिकबाजार. गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातली असल्यामुळे तिकडे अजून जुना माल निघतो. दुकानात सेट उघडून पाहायला संकोच करू नका. बुचाची (कॉर्कची) पॅकिंग वर्षानुवर्षं पडून राहिली की वाळतात, आखडतात. वाकवल्यावर तडा गेला तर ते तिथेच परत द्या. नुसतं आखडलेलं असेल तर चालतं, बसवण्याच्या आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवलं की बूच पुन्हा फुलतं आणि भोकं बोल्टच्या जागी येतात. बसवताना वरून कोरडं करून घ्यायचं. सेटमध्ये टॅपेट कव्हरचं पॅकिंग, दोन्ही साइड प्लेटची पॅकिंग, टायमिंग कव्हरचं (पुढच्या पुलीमागच्या झाकणाचं), चेंबरच्या (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या भांड्याच्या) दोन कडांची आणि पुढच्या-मागच्या अर्धगोल बुचाच्या पट्ट्या आहेत ना, हे मोजून घ्या. साइड प्लेटपर्यंत जायला मॅनिफोल्ड सोडवावा लागतो. म्हणून मॅनिफोल्डचं, सायलेन्सरच्या फ्लँजचं आणि कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंगही लागेल. हेड पॅकिंग सेटमध्ये येतं म्हणून हेड उघडायची गरज नाही. कॉम्प्रेशन बरोबर असेल, पाण्यात तेल नसेल, तर हेडला हात लावू नका.

टायमिंग कव्हरचं सील वेगळं पारखून घ्या. जुन्या कव्हरात नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) कडं असतं, नंतरच्यात रबरी ओठाचं सील. दोन्हींची कव्हरं आणि आतली तेल उडवणारी चकती आपापल्या जोडीची असतात, त्यांची सरमिसळ करू नका. रबरी असेल तर जुन्या सीलवरचा नंबर वाचा, आणि तो पुसला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मोजून वहीत लिहा. नमद्याचं असेल तर ते एक दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, कोरडं बसवलं तर पहिल्या काही मिनिटांतच करपतं. सील जिच्यावर फिरतं ती पुलीची नळी नखाने तपासा. नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार. लेथवाल्याकडून त्यावर पातळ स्लीव्ह चढवून घ्या, किंवा सील कव्हरात किंचित मागे-पुढे बसवून ओठ न झिजलेल्या जागी आणा. लेथवाल्याकडे चार दिवस जातात, म्हणून हे आधी.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी कामाच्या मध्यात अडवतात. टॅपेट कव्हरच्या दोन नटांखालचे रबरी बुश नवे घ्या. पॅकिंग कितीही चांगलं असलं तरी ते बुश कडक झाले असतील तर तेल स्टडच्या भोवतीनेच वर येतं. साइड प्लेटच्या मधल्या बोल्टचं वॉशर, चेंबरच्या ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशर, ऑइल फिल्टरकडे जाणाऱ्या बाहेरच्या पाइपची वॉशरं. तांब्याची नवी मिळाली नाहीत तर जुनी गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतात आणि पुन्हा बसतात. वाटीत एलिमेंट बसणारा फिल्टर असेल तर एलिमेंटसोबत नवं रबरी कडं येतं. जुनं कडं वरच्या खाचेत काळ्या रंगात मिसळून गेलेलं असतं. ते टोकदार सुईने काढल्याशिवाय नवं घालू नका, दोन कडी एकावर एक बसली की इंजिन सुरू होताच तेल जमिनीवर येतं.

पाने इंची हवेत. या इंजिनावर यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे आहेत, म्हणजे सात सोळांश, अर्धा आणि नऊ सोळांश इंचाचे रिंग पाने आणि सॉकेट. मिलिमीटरचे पाने बसल्यासारखे वाटतात आणि नटाची कोपरं गोल करतात. पुढच्या पुलीचा नट म्हणजे हँडल अडकवायचा मोठा नट, त्याला मोठा बॉक्स पाना लागेल. त्याच्यामागची पत्र्याची कुलपी वॉशर आधी छिन्नीने सरळ करायची, आणि तीही नवी आणून ठेवायची. टायमिंग कव्हर काढायला रेडिएटर बाहेर घ्यावा लागतो, तेव्हा पाण्याच्या होज पाइप आणि क्लिपा यांची अवस्था आधीच पाहा. हात घालायच्या आठ दिवस आधीपासून मॅनिफोल्डच्या नटांवर रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारा. पन्नास वर्षं तापत-निवत आलेले ते स्टड घाईला दाद देत नाहीत, आणि एक जरी तुटला तर काम दोन दिवस लांबतं.

साफसफाईचं सामान वेगळं मांडा. पितळी किंवा कडक प्लॅस्टिकची खरवडणी, केरोसीन, सुती चिंध्या, आणि सपाट काचेचा तुकडा. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ते कोरडं घासू नका आणि वायर ब्रश ड्रिलला लावून उडवू नका. ओलं करून खरवडा, पिशवीत बांधून टाका, मास्क लावा. काच लागते ती चेंबर आणि कव्हरांच्या कडा तपासायला. पूर्वी कोणीतरी बोल्ट फार आवळल्यामुळे भोकाजवळचा पत्रा वर उचललेला असतो. काचेवर उलटं ठेवलं की फट दिसते. जाड लोखंडी पट्टीवर ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने ते उंचवटे हळूहळू बसवायचे. यात माझी एक पूर्ण दुपार जाते आणि ती वाया जाते असं मला कधी वाटलं नाही, कारण वाकड्या कडेवर जगातलं कुठलंही पॅकिंग टिकत नाही.

सिलिकॉनबद्दल माझं मत पक्कं आहे. अर्धगोल पट्ट्यांच्या चार कोपऱ्यांवर, जिथे बूच कडेच्या पॅकिंगला भेटतं, तिथे हरभऱ्याएवढा थेंब. बाकी कुठेही नाही. जादा माल आतल्या बाजूला लोंबतो, तुटून चेंबरमध्ये पडतो आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. तेल अडलं की जातं ते बेअरिंग. टॅपेट कव्हरचं बूच कव्हरच्या बाजूला गम लावून चिकटवा आणि हेडच्या बाजूला कोरडं ठेवा, म्हणजे टॅपेट सेट करताना ते अख्खं निघतं. आवळायला लांब दांड्याचा पाना घेऊच नका. साइड प्लेटला मध्ये एकच बोल्ट असतो. तो जोरात आवळला की प्लेट मध्ये दबते, कडा उचलतात आणि गळती वाढते. बूच किंचित दबलं की थांबायचं.

जागा आणि दिवस ठरवा. आमच्याकडे मी हे काम दिवाळीनंतर काढतो, हवा कोरडी असते आणि अंगणात पत्रा पसरता येतो. चार भक्कम घोड्या, चाकांना उटी (अडसर), आणि नुसत्या जॅकवर गाडी असताना कोणीही खाली जायचं नाही, ही अट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. बॅटरीची वायर आधी काढायची. पाच लिटर २० डब्ल्यू ४० मिनरल तेल आणून ठेवा, डिपस्टिक सांगेल तेवढंच ओता. जुनं तेल गटारात नाही, डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या. फोनचा कॅमेरा चार्ज असू द्या. तेल उडवणारी चकती कुठल्या तोंडाने होती, कुठला बोल्ट लांब आणि कुठला आखूड, याचे फोटो काढल्याशिवाय पुढचा नट सोडू नका. पुठ्ठ्यावर टायमिंग कव्हरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवला तर आणखी चांगलं.

बसवतानाची एक गोष्ट आधीच कागदावर लिहून रेडिएटरच्या जागी टांगतो, कारण त्या गडबडीत ती विसरते. सीलच्या स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठाला तेलाचं बोट. कव्हरचे बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, पुली सीलमधून आत सरकवायची, कव्हर आपोआप मध्यावर येतं, आणि मगच बोल्ट आवळायचे. आधी आवळून मग पुली घुसवली तर सील एका बाजूला दबतं.

शेवटी वर्तमानपत्रांची चळत. गाडी सुरू करून गरम करा, बंद करा, खाली पेपर पसरा आणि त्यावर पेनने पुढचं टोक कुठलं ते लिहा. सकाळी डाग दिसला तर त्याची जागा वहीत उतरवा. शंभर किलोमीटरनंतर बुचाच्या पॅकिंगांचे बोल्ट एकदा हलकेच तपासा, बूच बसतं आणि किंचित सैल होतं. गेल्या डिसेंबरपासून आमच्या पेपरवर मागच्या बाजूला रोज एकच थेंब असतो, रुपयाएवढा, आणि ट्रे आता माळ्यावर आहे.