पावसाळ्यात धार काढून झाली की गायीला लगेच बसू देऊ नका

आमच्याकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात जून ते सप्टेंबर गोठा काही सुकतच नाही, चिऱ्याची जमीन ओलीच राहते, आणि दगडी म्हणजे कासेची सूज याच दिवसांत जास्त. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं, तेवढ्यात गाय शेणामुतात बसली की जंतू थेट आत. म्हणून मी पेंड आधी घालतच नाही, धार झाल्यावरच पुढ्यात टाकतो, मग ती खात निवांत उभी राहते, दामटावं लागत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर काढून बघा. दह्यासारख्या बारीक गुठळ्या दिसल्या, नाहीतर दूध पाणचट आलं, की तो सड शेवटी पिळायचा, ते दूध घरात वापरायचं नाही (आणि गोठ्यात पण ओतायचं नाही, लोक हेच करतात!) आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन. मी एकदा हळद लावून दोन दिवस थांबलो, एक सड कायमचा गेला.

आमची गावठी श्वेतकपिला आहे, दूध कमी पण काटक, तरी हे चुकवत नाही.