२४० विद्यार्थ्यांचा वर्ग आणि मूडलवरची पहिली चाचणी

मोठ्या वर्गाला पहिल्यांदा शिकवताना मी मूडलवर, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या प्रणालीवर, १५ प्रश्नांची चाचणी लावली. वेळमर्यादा २० मिनिटं, चाचणी बंद व्हायची वेळ ११:३०. इथेच घात झाला.

या दोन सेटिंग्ज वेगळ्या आहेत आणि जी आधी संपेल ती लागू होते. वायफायवर ताण येऊन ज्यांचं पान ११:२० ला उघडलं, त्यांना २० नाही, १० मिनिटंच मिळाली. त्यातून वेळ संपल्यावर काय करायचं, यासाठी मूडल तीन पर्याय देतं: उत्तरं आपोआप सादर होणं, थोडी वाढीव मुदत देणं, किंवा वेळेत सादर न झालेला प्रयत्न मोजलाच न जाणं. शिस्त हवी म्हणून मी तिसरा निवडला होता. तास संपल्यावर एका मुलीनं मोबाइल पुढे धरला. पंधराही उत्तरं भरलेली होती, पण गुणांच्या जागी नुसती रेघ. तिला काय सांगावं, मला सुचेना. पुढच्या आठवड्यात सगळ्यांची चाचणी पुन्हा घेतली.

तेव्हा आपोआप सादर होणारा पर्यायच ठेवा. बंद व्हायची वेळ चांगली तासभर पुढची द्या. विद्यार्थी म्हणून एक वेगळं खातं काढून स्वतः मोबाइलवर चाचणी सोडवा, मुद्दाम अर्धवटही सोडा. वरिष्ठांचा तयार कोर्स उचलू नका; त्यांच्या जुन्या सेटिंग्जही सोबत येतात. माझं ठाम मत आहे की या कामात भाषण देणाऱ्या तज्ज्ञापेक्षा शेजारी बसून एकेक सेटिंग उघडून दाखवणारा तंत्रसहायक मोलाचा.

घाबरू मात्र नका. पहिल्या सत्रात एकच गोष्ट करा. मी आता गुण न देता तासात एकच प्रश्न टाकते. एरिक माझुर यांनी १९९१ पासून हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच केलं: आधी प्रत्येकानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर. निम्म्याच्या आसपास मुलं चुकतात तो प्रश्न यासाठी उत्तम. सगळ्यांना येणाऱ्या प्रश्नावर वेळ घालवू नका. नेट गेलं तर हात वर करायला सांगते. मागच्या बाकावरची कुजबुज तेवढ्यात धड्याबद्दलच्या वादाकडे वळलेली असते.