अंब्रेला कंपनीच्या पेस्लिपमधील छुपी कपात: या चुका टाळा

ब्रिटनमध्ये एप्रिल 2021 पासून आयआर-35 (कॉन्ट्रॅक्टर करासाठी नोकरदारच धरला जावा का, हे सांगणारा नियम) लागू होतो का ते ठरवण्याची जबाबदारी खासगी क्षेत्रातील मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर आली, आणि तोवर स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करणारे असंख्य कॉन्ट्रॅक्टर अंब्रेला कंपन्यांच्या, म्हणजे एजन्सीकडून पैसे घेऊन कॉन्ट्रॅक्टरला आपला कर्मचारी म्हणून पगार देणाऱ्या कंपन्यांच्या, पगारपत्रकावर गेले. आयएलआर (ब्रिटनमधील कायम वास्तव्याचा परवाना) मिळाल्यावर कायम नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टिंगकडे वळणारी आपली मराठी मंडळीही त्यांत आहेत. रेडिंग, स्लाउ, हॅरो परिसरातल्या ओळखीच्या लोकांच्या पेस्लिप मी काही वर्षे ओळीओळीने तपासून देत आलो आहे आणि दर वेळी त्याच त्या चुका पाहून मनस्वी वाईट वाटते, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक सही करण्यापूर्वी अर्धा तास दिला असता तर टळली असती.

पहिली चूक म्हणजे एजन्सीने सांगितलेला दर हाच आपला पगार समजणे. भारतात नोकरी केलेल्यांना सीटीसी ठाऊक असते: कंपनीचा पीएफचा हिस्साही त्याच आकड्यात धरलेला असतो. एजन्सीने सांगितलेला दर, म्हणजे असाइनमेंट रेट, हा तसाच आकडा आहे. दिवसाला 400 पौंड आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर अंब्रेलाकडे 2,000 पौंड येतात. मार्जिन, म्हणजे अंब्रेलाची स्वतःची फी, 20 पौंड असेल तर उरलेल्या 1,980 पौंडांतूनच एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स (मालकाने भरायचा सामाजिक विम्याचा हिस्सा) आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठीचा सरकारी कर) भरली जाते. एम्प्लॉयरच्या नॅशनल इन्शुरन्सचा दर एप्रिल 2025 पासून 15 टक्के आहे आणि तो आठवड्याच्या 96 पौंडांवरील ग्रॉस पगारावर लागतो. हिशेब केला की इन्शुरन्सचे सुमारे 245 आणि लेव्हीचे साधारण 9 पौंड जाऊन ग्रॉस पगार 1,727 पौंडांच्या आसपास येतो, आणि त्याच्या पुढे आपला इन्कम टॅक्स व आपला स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स सुरू होतो. एम्प्लॉयरचा इन्शुरन्स असाइनमेंट रेटमधून जाणे रीतसर आहे, पण करारात ठरलेल्या ग्रॉस पगारातून तो कापणे बेकायदा आहे. म्हणून करारात 'पगार' म्हणून कोणता आकडा लिहिला आहे, हे सहीपूर्वी पाहावे.

छुपे पैसे बहुतेक वेळा ग्रॉस पगाराच्या वरच्या याच ओळींत दडतात, कारण तिकडे कोणी पाहत नाही. 6 नोव्हेंबर 2022 रोजी एम्प्लॉयरचा दर 15.05 वरून 13.8 टक्क्यांवर आला, तेव्हा एका स्नेह्याच्या पेस्लिपवर पुढचे काही आठवडे जुन्याच दराची कपात होत राहिली आणि फरकाची रक्कम कंपनीकडेच राहिली. विचारणा केल्यावर 'सॉफ्टवेअर अद्ययावत व्हायचे होते' असे उत्तर आले आणि पैसे परत मिळाले, पण विचारले म्हणून मिळाले. माझी स्वतःची सवय अशी आहे की पेस्लिप आली की त्याच दिवशी ग्रॉसमधून 96 वजा करायचे, 15 टक्के काढायचे आणि छापील आकड्याशी ताडून पाहायचे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि 'ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहे की' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की कॅल्क्युलेटर अंदाज सांगतो, आपली पेस्लिप तपासत नाही.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त जाचते, कारण तिच्यात रक्कम मोठी असते: रजेचा पगार कोठे जातो हे न विचारणे. ब्रिटनमध्ये वर्षाला 5.6 आठवड्यांची पगारी रजा हा कायदेशीर हक्क आहे आणि अंब्रेला कंपन्या सर्वसाधारणपणे मूळ पगाराच्या 12.07 टक्के रक्कम तिच्यासाठी धरतात. ही रक्कम काही कंपन्या दर आठवड्याला पगारासोबत देऊन टाकतात, तर काही स्वतःकडे साठवतात आणि आपण रजा मागितली तरच देतात.

माझ्या एका मित्राने ऑगस्ट 2023 मध्ये दिवसाला 320 पौंडांवर काम सुरू केले. मार्जिन सर्वांत कमी म्हणून त्याने ती कंपनी निवडली होती आणि चाळीस पानांचा करार रेल्वेत बसल्याबसल्या फोनवर सही करून पाठवला होता. नवे काम हाती आलेले, चांगले नाव व्हावे म्हणून त्याने मार्चअखेरपर्यंत एक दिवसही रजा घेतली नाही. त्याचे आठवड्याला सुमारे 150 पौंड साठत होते, म्हणजे 32 आठवड्यांत जवळजवळ 4,800 पौंड. एप्रिलच्या पहिल्या पेस्लिपवर ती ओळ शून्यावर आली. करारातल्या एका कलमानुसार रजेचे वर्ष 31 मार्चला संपत होते आणि न घेतलेली रजा बुडत होती. तो माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आला होता. एम्प्लॉयरने रजा घेण्यास उत्तेजन दिले नसेल आणि ती बुडेल अशी सूचनाही दिली नसेल, तर ती सहजासहजी बुडवता येत नाही, हा मुद्दा आम्ही लेखी मांडला आणि तेव्हाच्या तीन महिन्यांत एक दिवस कमी या मुदतीच्या आत एकासकडे (नोकरीतले वाद मिटवणारी सरकारी संस्था) समेटाचा अर्ज केला. बरीच रक्कम परत मिळाली, सगळी नाही. ज्या 'कमी मार्जिन'साठी ती कंपनी निवडली, त्यातून त्याची वर्षभरात फार तर 300 पौंडांची बचत झाली असती. म्हणून शक्य असेल तेथे रजेचा पगार दर आठवड्याला घ्यावा, आणि तो निमूटपणे वेगळ्या खात्यात ठेवावा.

तिसरी चूक म्हणजे हाती जास्त पडतात म्हणून कंपनी निवडणे. कर आणि इन्शुरन्स सर्वांना सारखेच आहेत, त्यामुळे कायद्याने चालणाऱ्या दोन अंब्रेलांमध्ये हाती येणाऱ्या रकमेचा फरक जवळजवळ मार्जिनएवढाच असू शकतो. कोणी 80-85 टक्के हाती देण्याचे सांगत असेल, तर पगाराचा काही भाग कर्ज किंवा ॲडव्हान्स म्हणून दिला जात असण्याची शक्यता फार मोठी आहे. अशा योजनांवरील कर एचएमआरसी (ब्रिटनचे करखाते) पुढे कॉन्ट्रॅक्टरकडूनही मागू शकते. 5 एप्रिल 2019 रोजी शिल्लक असलेल्या अशा कर्जांवर लावलेल्या लोन चार्ज या कराने हजारो कुटुंबांची झोप उडवली. येथे घाई करणाऱ्यांबद्दल मला कितीही आपुलकी असली तरी सहानुभूती ठेवणे जड जाते, कारण इशारे डोळ्यांसमोर असतात.

पेन्शनच्या बाबतीत लक्षात ठेवावे की एम्प्लॉयरचा किमान 3 टक्के हिस्साही याच असाइनमेंट रेटमधून जातो. सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा काही भाग सोडून तो थेट पेन्शनमध्ये भरणे) घेतल्यास वाचणारा एम्प्लॉयरचा इन्शुरन्स आपल्या पेन्शनमध्ये जातो की कंपनी ठेवते, हे लेखी विचारावे.

मार्जिन पगारामागे आहे की आठवड्यामागे, आणि काम नसलेल्या आठवड्यातही लागते का, हे विचारावे. त्याच दिवशी पैसे पाठवण्याचे, विम्याचे, पत्रे देण्याचे आणि कंपनी सोडण्याचे शुल्क असेल तर पळवाट न देता 'नाही' म्हणावे. जुना पी-45 (आधीच्या नोकरीतील पगार आणि कराचा दाखला) पहिल्याच दिवशी द्यावा, नाहीतर इमर्जन्सी कोड, म्हणजे तात्पुरता कर-कोड, लागू शकतो.

एजन्सीने तीन अंब्रेलांची यादी पुढे केली की ती पारखून घेतलेली असेल असे मानू नये. कॉन्ट्रॅक्टर पाठवल्याबद्दल एजन्सीला पैसे मिळतात का, हे सरळ विचारावे. 6 एप्रिल 2020 पासून एजन्सीने करारापूर्वी की इन्फर्मेशन डॉक्युमेंट देणे बंधनकारक आहे. त्यात असाइनमेंट रेटपासून हाती पडणाऱ्या रकमेपर्यंतचे नमुना उदाहरण असते. ते मागून घ्यावे, पहिल्या पेस्लिपशेजारी ठेवावे, आणि दोन्हींमध्ये जी ओळ जुळत नाही तिच्याबद्दल त्याच आठवड्यात ई-मेलने विचारावे. फोनवर मिळालेले उत्तर पुढे दाखवता येत नाही.