ऊर्जासंक्रमण समजावणारा खेळ कसा रचावा

ऊर्जासंक्रमण म्हणजे कोळशाच्या विजेकडून सौरऊर्जेसारख्या विजेकडे जाणे. सौरऊर्जेवरचे व्याख्यान ऐकून लोक माना डोलावतात. पण संध्याकाळी सातच्या विजेचे काय, हा प्रश्न त्यांना पडत नाही. खेळात तो पडतो, कारण तिथे निर्णय त्यांचा असतो आणि परिणामही लगेच पदरात पडतो. म्हणूनच सापशिडीच्या पटावर ‘सौरपंप बसवला, पाच घरे पुढे’ असे लिहून भागत नाही. तिथे फासा ठरवतो, खेळाडू नाही.

विषय एकच घ्यावा आणि तो ऐकणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारातला असावा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतीपंपांना दिवसा वीज हा विषय सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. रात्रीच्या पाळीत, साप-बिबट्याचे भय असताना, अंधारात पिकांना बारे (पाणी) देणे म्हणजे काय हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून याच प्रश्नावर काम करते आहे.

पुठ्ठ्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार चौकोन आखावेत. एक चिंचोका म्हणजे शंभर किलोवॉट. सौर प्रकल्पाचे दोन चिंचोके सकाळी आणि सहा दुपारी मांडावेत. पुढचे दोन चौकोन मोकळे ठेवावेत. कोळशाच्या विजेसाठी काळे खडे वापरावेत. मागणीही ठरलेली असावी: सकाळी दोन, दुपारी गिरणी व इतर उद्योगांना दोन, संध्याकाळी घरांना तीन आणि रात्री पंपांना चार. पाच अश्वशक्तीचे साधारण शंभर पंप एकाच वेळी चालले, तर एवढी वीज लागते.

पहिल्या डावात काही बदलू देऊ नये. दुपारचे चार चिंचोके वाया जातात, रात्री चार काळे खडे खर्ची पडतात, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतो की पंप दुपारी का चालवायचे नाहीत. सूत्रधाराने हा प्रश्न येईपर्यंत गप्प राहावे, कारण उत्तर आधीच सांगितले तर खेळाचे व्याख्यान होते. दुसऱ्या डावात पंप दुपारी हलवू द्यावेत. रात्रीचे खडे वाचतात, पण संध्याकाळचे तीन तसेच राहतात.

तिसऱ्या डावात पाऊस झाल्यामुळे पंप बंद आहेत, पण आज ऊन आहे, असे जाहीर करून साठवणुकीची सोय द्यावी. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पात जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करतात; पण पाणी वर चढवताना खर्च झालेली सगळी वीज परत मिळत नाही. म्हणून इथेही चार चिंचोके साठवले की तीनच परत द्यावेत. संध्याकाळची गरज नेमकी भागते. मग ‘पिकाला पाणी द्यायचे असेल त्या दिवशी काय?’ असे विचारून वाद होऊ द्यावा. माझ्या मते सगळ्या खेळात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे.

भूमिका वाटताना ज्यांचे नुकसान होऊ शकते त्यांना वगळू नये. एका मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. ती गायरानातून द्यायची असेल, तर सरपंच आणि शाखा अभियंत्यासमोर मेंढपाळही बसला पाहिजे आणि त्याच्या संमतीशिवाय प्रकल्पाचा चिंचोका पटावर येता कामा नये. चंद्रपूरसारख्या ठिकाणी खेळ घ्यायचा असेल, तर औष्णिक केंद्रातील कंत्राटी कामगाराची भूमिका हवीच. या माणसांना सोडून रचलेला खेळ जाहिरात ठरतो, आणि गावकऱ्यांना ते लगेच कळते.



खेळ संपल्यावर निदान खेळाइतकाच वेळ चर्चेला ठेवावा. आधी प्रत्येकाने आपल्या भूमिकेतून बोलावे, मग भूमिका उतरवून; दोन्हींत फरक पडला तर तो का पडला, हे विचारावे. पटावर जे साधे केले आहे तेही उघड सांगावे, कारण खऱ्या वाहिनीवर (गावाला वीज पुरवणाऱ्या फीडरवर) वीज राज्याच्या जाळ्यातून येते-जाते आणि ढगाळ दुपारी सहा चिंचोके मिळत नाहीत. सुरुवातीला प्रत्येकाकडून ‘रात्री आठला माझ्या घरातली वीज कुठून येते?’ याचे उत्तर कागदावर लिहून घ्यावे, आणि चर्चेनंतर तोच कागद परत देऊन त्याखाली नवे उत्तर लिहायला सांगावे.