‘म्या’ आणि ‘मी’: क्रियापदांच्या वाक्यरचनेचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी पाचवीत असताना निबंधात ‘म्या भाकर खाल्ली’ असे लिहिले होते, आणि वही परत आली तेव्हा त्या ‘म्या’भोवती लाल शाईचे वर्तुळ होते. पुढे एम.ए.ला भाषाविज्ञान घेतले तेव्हा कळले की ते रूप अशुद्ध नसून जुने आहे. संस्कृतातल्या ‘मया’ या तृतीयेच्या रूपाशी नाते सांगणारे ‘म्यां’ जुन्या मराठी ग्रंथांत, अगदी ज्ञानेश्वरीतही भेटते. प्रमाण मराठीने ते सोडून दिले आणि आमच्या आजीच्या तोंडी ते टिकले. या विषयाकडे वळू पाहणाऱ्या विदर्भातल्या विद्यार्थ्यांना मी आधी हेच सांगते, कारण अभ्यासाची पहिली सामग्री आपल्या घरातच असते हे मला फार उशिरा उमगले.

विषयाचा गाभा थोडक्यात असा. प्रत्येक क्रियापद आपल्याभोवती काही नामे मागते: ‘झोपणे’ एक, ‘बांधणे’ दोन, ‘देणे’ तीन. फ्रेंच अभ्यासक ल्युसियाँ तेन्येर यांनी यासाठी रसायनशास्त्रातली संयुजेची, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो याची, कल्पना उसनी घेतली. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ साली प्रसिद्ध झाला. नामांची संख्या पुष्कळदा सगळ्या भाषांत सारखी निघते, पण ती नामे कोणत्या रूपात येतात आणि क्रियापद त्यांतल्या कोणाचे ऐकते, यात भाषाभाषांत मोठे अंतर पडते. इंग्रजीत भुकेलेला माणूस वाक्याचा कर्ता असतो. मराठीत ‘मला भूक लागली’ म्हणताना माणूस चतुर्थीत जाऊन बसतो आणि क्रियापद भुकेप्रमाणे चालते.

नवख्या विद्यार्थ्याने सर्वांत जास्त वेळ भूतकाळावर घालवावा, असे माझे मत आहे. ‘ती दोर बांधते’ या वाक्यात क्रियापद कर्त्याशी जुळते, ‘तिने दोर बांधला, बकरी बांधली, गाठोडे बांधले’ यांत ते कर्माशी जुळते, आणि ‘तिने बकरीला बांधले’ म्हटले की कोणाशीच न जुळता नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग गुणांपुरते पाठ करतो. ते पाठांतर इथे खरोखर कामी येते. यामागचे कारण ऐतिहासिक आहे. मराठीचा भूतकाळ मूळच्या कर्मणी कृदंतातून, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या ‘खाल्लेली’सारख्या विशेषणातून घडला, त्यामुळे करणारा तृतीयेत गेला आणि जुळणीचा मान कर्माला मिळाला. त्यातही ‘तू भाकरी खाल्लीस’ हे रूप पाहण्यासारखे आहे: त्यातली ‘ई’ भाकरीची आणि ‘स’ तुझा, म्हणजे एकच क्रियापद दोघांची हजेरी लावते. हे वाक्य मी जन्मभर बोलत आले होते, पण त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाखाली अर्थ लिहायला सांगितल्यावरच ते मला दिसले.

शेजारच्या भाषांशी ताडून पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. हिंदीत ‘मैंने रोटी खाई’ म्हणतात, म्हणजे तिथे प्रथम पुरुषालाही ‘ने’ लागतो. प्रमाण मराठीत ‘त्याने’ला तो लागतो आणि ‘मी’, ‘तू’ मोकळे सुटतात. आमच्याच भागातली गोंडी द्राविडी कुळातली आहे आणि तिच्यात भूतकाळातही क्रियापद कर्त्याशीच इमान राखते. मेळघाटातली कोरकू तर मुंडा शाखेची, म्हणजे तिसऱ्याच कुळातली. एकाच आठवडी बाजारात तीन कुळांच्या भाषा कानी पडू शकतात, हे भाग्य मोठ्या शहरांतल्या भाषाविज्ञान विभागांना सहसा लाभत नाही. (तरीही ‘तिकडे अभ्यासाला काय आहे?’ असे मला शहरात अनेकदा विचारले गेले.)

शब्दक्रमाचा भाग तुलनेने लवकर आटोपतो. अमेरिकी भाषावैज्ञानिक जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषांच्या आधारे ४५ सार्वत्रिक नियम मांडले; मराठी आणि जपानीसारखी क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा विभक्तिदर्शक शब्द सहसा नामानंतर ठेवते, हे त्यातून समजते. नियमांपेक्षा अपवाद मात्र जपून टिपावेत. ‘शिकणे’ आणि ‘पिणे’ सकर्मक असूनही दादा ‘मी धडा शिकलो’, ‘मी पाणी प्यायलो’ असेच म्हणतो, म्हणजे भूतकाळातही क्रियापद कर्त्याशीच जुळते. अशा क्रियापदांची यादी मी पहिल्या वर्षापासून वाढवत आले आहे.

अभ्यासक्रमासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ यांची चौकशी करावी. नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. प्रवेशाआधी वाचायचे असेल तर ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा १९०५ सालचा सातवा खंड उघडून त्यातले वऱ्हाडी आणि नागपुरी नमुने आपल्या आजच्या बोलीशी ताडून पाहावेत.

प्रत्यक्ष नमुने गोळा करताना माझी पहिली फजिती अशी झाली. कापूस वेचून आलेल्या एका आजींना मी वही उघडून विचारले, “‘मी कापूस वेचला’ याला तुमच्याकडे काय म्हणतात?” वहीकडे पाहून त्या सावरून बसल्या आणि “मी कापूस वेचला,” असे शाळेतल्यासारखे उत्तर त्यांनी दिले. पाऊण तास असाच गेला. प्रमाण भाषेतले वाक्य पुढे ठेवून बोलीतले रूप मागितले की माणूस तेच वाक्य सभ्यपणे परत करतो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. वही मिटून मी चहाचा कप उचलला, इतक्यात बकरी अंगणातून पळाली आणि आजी नातीवर ओरडल्या, “म्या तुले सांगतलं व्हतं ना, बकरी बांधून ठेव म्हून!”

सहावीतली नात दारातून म्हणाली, “मी बांधली व्हती, तिनंच दावं तोडलं.”

घरी येऊन मी दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिली, समोर दोघींची वये आणि शाळेच्या इयत्ता मांडल्या. आजींच्या नावापुढची इयत्तेची जागा रिकामी राहिली.