एकटीने प्रवास, महोत्सवात ड्युटी: स्वयंसेवक होऊन कसं जावं

जोधपूरचा किंवा अरुणाचलातल्या झिरोचा संगीत महोत्सव डोक्यात असतो, सोबत यायला कोणी तयार नसतं आणि तिकीट, राहणं, प्रवास यांची बेरीज केली की बेत पुढच्या वर्षावर जातो. अशा वेळी स्वयंसेवक होऊन जाणं हा चांगला मार्ग आहे. राहण्याजेवणाची सोय बऱ्याचदा होते आणि ओळखीची चार माणसं आपोआप मिळतात. पण फुकटात गाणं ऐकायला मिळेल म्हणून जाणार असाल तर जरा थांबा.

नेरूळच्या एका मैदानी कार्यक्रमात माझी पहिली ड्युटी बॅरिकेडवर लागली. अडीच तास पाठ स्टेजकडे आणि तोंड गर्दीकडे. गाणं मला तळहातातून कळत होतं, कारण बेस सुरू झाला की हातातला लोखंडी पाइप थरथरायचा. लोकांचं आवडतं गाणं आलं की समोरच्या पोरी आधी किंचाळायच्या, मग एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. मला मजा आली. माझ्याबरोबरचा मुलगा मात्र तासाभरात वैतागून निघून गेला. आपण यातले कोण आहोत, हे घराजवळच कळलेलं बरं.

पहिली ड्युटी घराजवळ करा

ठाण्यात महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सव असतो. शिवाय शास्त्रीय आणि सुगम संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या छोट्या संस्था आहेत, त्यांना हात कायम कमीच पडतात. कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या आणि वायरी आवरणाऱ्या माणसाला गाठा. स्टेजवर सत्कार घेणाऱ्यांपेक्षा त्याला जास्त माहिती असते. नवी मुंबईतल्या मोठ्या कॉन्सर्टना बऱ्याचदा एजन्सीमार्फत रोजावर माणसं घेतात. ती नोकरी झाली, पण गर्दी कशी वागते ते तिथे चांगलं शिकायला मिळतं.

गणपतीत मंडळाच्या रांगेत दोरी धरून उभे राहिला असाल, तर निम्मं शिक्षण आधीच झालंय.

अर्जात आवड नको, काम लिहा

स्वयंसेवक हवेत ही घोषणा महोत्सव साधारण एक ते तीन महिने आधी आपल्या वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकतात. ‘मला संगीताची खूप आवड आहे’ हे सगळेच लिहितात. तुम्ही लिहा: मराठी, हिंदी, इंग्रजी बोलता येतं; प्रथमोपचार येतात; चारचाकी चालवता येते; मंडळात तीन वर्षं रांग सांभाळली. काही ठिकाणी परत मिळणारं डिपॉझिट घेतात. ते संस्थेच्या खात्यात जात असेल तर भरा. कुणाच्या खासगी यूपीआयवर ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली, तर तो विषय तिथेच सोडा.

होकार आला की आधी चार प्रश्न

कोण गाणार आहे हे पोस्टरवर दिसतंच. विचारायचं ते असं: झोपायचं कुठे, रात्री तिथे पोचायचं कसं, ड्युटी नेमकी कोणती आणि दिवसाला किती तास, जेवण कितीदा. उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचीही चालतील.

दुसऱ्या प्रश्नावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. म्हणजे प्रेक्षक दहाला बाहेर पडतात आणि स्वयंसेवकाचं काम तेव्हा कुठे सुरू होतं: गर्दी काढणं, हरवलेले मोबाइल जमा करणं, रिकाम्या बाटल्या गोळा करणं. नेरूळला त्या रात्री ‘गाडीची सोय करतो’ म्हणणाऱ्या कोऑर्डिनेटरने नंतर फोनच उचलला नाही. ठाण्याची शेवटची लोकल गेली होती. साडेबाराला मी जुईनगरला मावशीची बेल वाजवली. तिने दार उघडलं, वरणभात गरम केला आणि मी दुसरा घास घेते तोवर आईला फोन लावला होता.

जोधपूरला जुईनगरची मावशी नसते. म्हणून तंबू असेल तर बायकांचा वेगळा आहे का, कुलूप लागतं का, टॉयलेट किती लांब आहे, हेसुद्धा विचारा. चिडून उत्तर देणाऱ्या आयोजकाकडे जाऊच नका.

तारखा आणि कागद

जोधपूरचा रिफ हा लोकसंगीताचा महोत्सव २००७ पासून मेहरानगड किल्ल्यावर होतो, शरद पौर्णिमेच्या सुमारास. आपण गच्चीवर मसाला दूध आटवतो ती कोजागिरी. त्यामुळे पंचांग बघूनच सुट्टी टाका. पहाटेच्या मैफली किल्ल्याजवळच्या जसवंत थडा या स्मारकापाशी असतात, म्हणजे तिथे ड्युटी लागली तर अंधारातच उठायचं. ठाणेकरांना वांद्र्याला जायची गरज नाही. घोडबंदर रोडने बोरिवली गाठा, वांद्र्याहून जोधपूरला जाणारी सूर्यनगरी एक्स्प्रेस तिथे थांबते. फक्त घोडबंदरच्या ट्रॅफिकला हातात दोन तास ठेवा.

अरुणाचलातला झिरो महोत्सव २०१२ मध्ये सुरू झाला. तो सप्टेंबरच्या अखेरीस असतो, पाऊस आणि चिखल गृहीतच धरायचा. तिथे जायला भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा सरकारी परवाना, लागतं. ते ऑनलाइन मिळतं, पण निघायच्या आदल्या दिवसावर ढकलू नका.

बॅग

कपड्यांचं तुम्ही बघालच. कानात घालायचे फोमचे बोळे मात्र मेडिकलमधून नक्की घ्या. प्रेक्षक मागे सरकू शकतो, स्पीकरशेजारी ड्युटी असलेल्याला तशी सोय नसते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काढता येतात असं धरलं, तर १०० डेसिबलला ती मर्यादा जेमतेम १५ मिनिटांवर येते. दोन दिवस वापरून मऊ झालेले बूट घाला, नवे नकोत. आणि प्रवेशासाठी देतात तो रिस्टबँड बांधताना मनगट आणि पट्टी यांत एक बोट ठेवा. त्याचं लॉक एकदा पुढे सरकलं की मागे येत नाही आणि अंघोळसुद्धा त्याच पट्टीसकट करायची असते.

पोचल्यावर

पहिल्याच मीटिंगमध्ये आपल्यासारखी एकटी आलेली एक व्यक्ती शोधा आणि ठरवून टाका: ड्युटी संपली की एकमेकींना मेसेज करायचा, अर्ध्या तासात आला नाही तर शोधायला निघायचं. घरी रोजची एक वेळ सांगून ठेवा आणि लोकेशन शेअर करा. मोबाइलचा भरवसा नसतो, म्हणून कोऑर्डिनेटरचा नंबर आणि आणीबाणीचा ११२ कागदावर लिहून खिशात ठेवा.

ड्युटीची अदलाबदल बऱ्याच ठिकाणी चालते. जी मैफल चुकवायचीच नाही, ती पहिल्या दिवशी सांगून ठेवा आणि बदल्यात कुणालाच नको असलेली पार्किंगची सकाळ घ्या. प्रमाणपत्र हवं असेल तर शेवटच्या रात्रीआधी मागा. नंतर माणसं पांगतात आणि मेलला उत्तरं येत नाहीत.

परतताना बोरिवलीला उतरून मी ठाण्याची बस धरली. सॅक, सुजलेले डोळे, मनगटावर अजून तीच पट्टी. कंडक्टरने तिकीट देताना हाताकडे पाहिलं, मागच्या बाईंना सरकायला सांगून मला जागा करून दिली आणि विचारलं, “ताई, डिस्चार्ज आजच मिळाला का?”