बेबीकॉर्न: अंतर आणि युरियाच्या या चुका टाळा

इंदूरकडच्या काळ्या जमिनीत बेबीकॉर्नचे गणित पेरणीलाच चुकते. दाण्याच्या मक्याचे 60 × 20 सेंमी अंतर ठेवले, तर एकरात जेमतेम 33-34 हजार झाडे बसतात. इथे दाणा भरायचाच नसतो, कणीस कोवळे खुडायचे असते; म्हणून 45 × 20 सेंमीवर टोकणी करा, एकरी सुमारे 45 हजार झाडे होतात. बियाणे 8 ते 10 किलो पुरते. मात्र दाट लावले की कणसे वाढतात, हा हिशेब एका मर्यादेपुरताच. दोन झाडांत 15 सेंमीहून कमी जागा राहिली की खोडे बारीक पडतात, वाऱ्याने लोळतात आणि काही झाडे वांझच राहतात.

उगवणीनंतर आठवड्याभराने ओळीत 10 मीटर दोरी धरून रोपे मोजा. 50 च्या आसपास हवीत. एका जागी दोन दिसली तर एक उपटा. जिवावर येते, पण उपटाच.

आता नत्र, म्हणजे नायट्रोजन. हेक्टरी 150 किलो धरले तर एकराला 60 किलो. पेरणीला डीएपीची (नत्र-स्फुरदाच्या खताची) 50 किलोची गोणी दिली की 9 किलो नत्र तिच्यातूनच गेले, ते वजा करायचे राहून जाते. उरलेल्या 51 किलोसाठी 45 किलोवाल्या अडीच गोण्या युरिया लागतो: चार पानांवर अर्धी, आठ पानांवर एक, तुरा निघण्याआधी अर्धी आणि तुरे उपटून टाकल्यावर अर्धी. शेवटची अर्धी बरेच जण गाळतात, मग पहिले कणीस चांगले निघते आणि दुसरे-तिसरे खुरटते. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), झिंक मात्र सगळे पेरणीलाच.

पीक पिवळे दिसले की लगेच युरिया फेकू नका. खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी होत आली तर नत्र कमी आहे. कडा करपल्या तर पालाश. पावसाळ्यात पाणी साचूनही पिवळेपणा येतो. साचल्या पाण्यात टाकलेल्या नत्राचा बराच भाग वायू होऊन उडतो. आधी चर काढा, वाफसा येऊ द्या (जमीन ना चिखल, ना कोरडी), मग ओळीपासून 8-10 सेंमीवर खत टाकून मातीआड करा. जमिनीवर उघडा पडलेला युरियाही अमोनिया होऊन जातो.

दाटी किंवा नत्राची ओढ असली की कणसाचे केस मागेपुढे निघतात आणि खुडणी चुकते. केस 2-3 सेंमी झाले की त्याच दिवशी खुडा. दोन दिवस राहिलेले कणीस ना बेबीकॉर्नच्या भावात जाते, ना इंदूरच्या सराफा बाजारातल्या भुट्ट्याच्या कीसाला (किसलेल्या मक्याच्या पदार्थाला) चालते.